हातउसनी गेलेली पट्टी

मी कॅप्सूलची पट्टी बोलतेय. पट्टी म्हणायचं एवढंच. माझे बाकी सगळे कप्पे फुटलेत, एकच कॅप्सूल शिल्लक आहे. नाशिकच्या एका दवाखान्यात, वॉर्डाबाहेरच्या बाकावर बसलेल्या अक्काबाईंजवळ मी आहे. आत त्यांची सून छाया तापाने फणफणली आहे. तिला बरं करायला मला आणलं होतं आणि आज मी तिच्या काहीच उपयोगाची नाही.

माझा जन्म कारखान्यातला. पांढऱ्या टोप्या घातलेल्या मुलींनी मला निरखून तपासलं, चंदेरी कागदात बंद केलं. आम्ही अँटिबायोटिक. शरीरात शिरलेल्या जंतूंचा नायनाट करणं हे आमचं काम. सर्दीपडसं विषाणूंचं असतं, तिथे आमचं काही चालत नाही. पण आमचं काम आम्ही चोख करतो. फक्त ते पुरतं करू द्यावं लागतं.

इगतपुरीजवळच्या त्यांच्या गावात भाताची लावणी चालली होती. दिवसभर चिखलात उभं राहायचं, आडोशाला जायची सोय नाही, म्हणून छाया पाणीच पीत नसे. लघवीला आग होऊ लागली. सांगायची लाज. शेवटी नवऱ्याने, दत्तूने, गाडीवर बसवून तिला डॉक्टरीणबाईंकडे नेलं.

"बरं वाटलं तरी पट्टी पूर्ण संपवायची," बाईंनी बजावलं. "आणि कुणाला द्यायची नाही."

छायाने मान डोलावली. मला किती धीर आला!

दोन दिवसांत आग थांबली. आता उरलेले चिवट जंतू गाठायचे, असं मी मनाशी ठरवते आहे, तोच तिने मला फडताळातल्या डब्यात टाकलं.

या गावात लावणी सावडीने होते. आज साऱ्या बायका तुझ्या वावरात, उद्या माझ्या. मजुरी नाही, कामाला काम. मिश्री, चहापावडरही अशीच या घरातून त्या घरात जाते. तशी मीही गेले.

"छाया, खोकला लय झालाय गं," शेजारच्या भिमाबाई म्हणाल्या. "तुझ्या त्या लाल-पिवळ्या गोळ्या हायेत ना?"

"हायेत की. घ्या दोन."

"एकच दे बाई. लय गरम पडत्यात."

अक्काबाईंनी तर कमाल केली. कोंबड्यांना मानमोडी लागली, तेव्हा माझी कॅप्सूल उघडून त्यांनी पावडर कण्यांत कालवली.

"अवो आत्याबाई, माणसाची गोळी हाय ती!" छाया म्हणाली.

"मंग? कोंबडीला काय जीव नाय?"

कोंबड्या मेल्याच. मानमोडीही विषाणूचीच.

पुढे छायाची आग पुन्हा सुरू झाली. आता ती जळजळ झाली की एक कॅप्सूल घ्यायची, थांबली की विसरायची. अशी एकेकटी जाऊन मी काय करणार? दुबळे जंतू मेले. जे मला पुरून उरले, त्यांचीच पिलावळ वाढली. अर्धवट निंदलेल्या वावरात चिवट तणच माजतं, हे छायाला का कुणी सांगायला हवं होतं?

मग भिमाबाई उसनं फेडायला आल्या. "लाल-पिवळी नाय गावली. ही पांढरी घे. गोळीला गोळी!"

ती बिचारी पित्तावरची. छायाने तीही विश्वासाने गिळली.

आणि एका दुपारी वावरातच तिला हुडहुडी भरली. कंबर धरून ती बांधावर बसली, ती उठलीच नाही. दत्तूने गाडी करून तिला इथे आणलं. तपासण्या झाल्या.

"संसर्ग मूत्रपिंडापर्यंत गेलाय," डॉक्टर म्हणाले. "नेहमीच्या औषधांना जंतू दाद देत नाहीत. जोरदार इंजेक्शन सुरू केलंय. त्याने गुण येतो का, बघू."

अक्काबाईंनी मला पुढे केलं. "सायेब, ही एक उरली हाय. हिनंच पयल्यांदा गुण आला व्हता."

"आजी, तेव्हा ही पट्टी पुरी घेतली असती तर... आता तिला हिचा उपयोग नाही."

अक्काबाई खाली बसल्या. मला फार लागलं. कुणी मला उकिरड्यावर टाकलं असतं, तर मी रागावले तरी असते. पण मला तर मायेने वाटलं. माझा घात मायेनेच केला. राग तरी कुणाचा धरू?

तुमच्याही घरी डब्यात माझी एखादी बहीण अर्धवट पडली असेल. ती कुणाला देऊ नका. डॉक्टरांना विचारल्याशिवाय स्वतःही घेऊ नका. आणि पुढच्या वेळी सांगितलेलं औषध शेवटपर्यंत घ्या. एवढं माझ्यासाठी करा.

मघाशी बाकावरच्या एका बाईने मला पाहिलं. "मावशी, ती गोळी द्या ना. नातवाला सर्दी हाय."

"नाय द्यायची."

"एका गोळीचं काय एवढं?"

अक्काबाईंनी डोळ्याला पदर लावला. "माझी सून आत हाय. अशीच एकेक करून वाटली व्हती."

बाईने हात मागे घेतला. छायाचा ताप अजून उतरलेला नाही. वॉर्डाचं दार वाजलं की अक्काबाई उभ्या राहतात आणि त्यांची मूठ माझ्याभोवती आणखी आवळते. माझा कागद चुरगळतोय. चुरगळू दे.