अकरा वाजता ठणठणीत

माझी नणंद बेकरीत मुकादम आहे आणि घरीही मुकादमच. मी तिच्या हाताखाली पीठ चाळते. दिवसभर पीठ नाकातोंडात जातं तेव्हा मला काही होत नाही. होतं ते पहाटे. साडेचारला छाती आवळते, शिट्टी वाजायला लागते आणि मी पलंगाच्या कडेला बसून श्वासासाठी धडपडते.

बेकरीचे डॉक्टर येतात अकराला. ते एक प्लॅस्टिकची नळी फुंकायला देतात. काटा जितका वर, तितकी छाती मोकळी. आम्ही सगळ्या तिला फुंकणी म्हणतो. अकराला माझा काटा चारशेवर. पॅकिंगला बदली मिळावी म्हणून मी तीनदा अर्ज केला आणि नणंदबाईसाहेबांनी तीनदा सही न करता एकच शेरा मारला: अकरा वाजता ठणठणीत.

"नाचता येईना अंगण वाकडं," चारचौघींत म्हणाली. "म्हणे पीठ बाधतं!"

भिंतीपलीकडे झोपते, माझी शिट्टी रोज ऐकते, आणि वर हे. मला तिचा नुसता राग येत नाही, तिरस्कार वाटतो.

शेवटी मी स्वतःची फुंकणी आणली. पहाटे काटा दोनशेवर. वीस दिवस वहीत लिहिलं. वही दाखवली तर म्हणाली, "आकडे काय, कुणीही लिहील."

काल पहाटे पाचला ती भट्ट्या लावायला निघाली होती. मी खोकत होते. ती दारातच थांबली.

"झालं नाटक सुरू! मुद्दाम हळू फुंकतेस तू. आण इकडे, दाखवते."

तिनं छाती भरून घेतली आणि फुंकलं. काटा दोनशे चाळीसवर थांबला. नळी झटकून पुन्हा फुंकलं. दोनशे तीस. तिसऱ्यांदा तिला खोकला आला, तो थांबेचना. बावीस वर्षं पिठात काढलीत तिनं, आणि पहाटेच्या खोकल्याला थंडी म्हणत आली.

ती घाबरली होती. मला दया यायला हवी होती. नाही आली.

"अकराला फुंका, वन्सं," मी म्हटलं. "तेव्हा तुम्हीही ठणठणीत असाल."

उशीखालचा चौथा अर्ज मी तिच्यापुढे धरला. तिनं सही केली. मग खोकतखोकतच विचारलं, "आणखी एक कोरा कागद आहे का गं?"