पावतीआधी ओतलेलं दूध

मी विरजण बोलतोय. दह्याचं नव्हे हो, संगणकातलं. मी डेटाबेस आहे. दूध संस्थेत कुणी केव्हा किती दूध घातलं, ते जपून ठेवणं माझं काम.

माझी आई, म्हणजे ज्या डेटाबेसवरून मी घडलो ती, परदेशातली. तिचा सोर्स कोड सगळ्यांना खुला होता. कुणीही वाचावा, सुधारावा. पुढे एका बड्या कंपनीनं तिला विकत घेतलं आणि दुरुस्त्या थंडावल्या. इकडे हातकणंगल्याजवळच्या आमच्या संस्थेत तेव्हा आईच नोंदी ठेवायची, आणि रोज संध्याकाळी भारनियमन. लिहिता लिहिता वीज गेली की आईच्या सगळ्या नोंदींचा विचका व्हायचा. तिथलं संगणकाचं काम कोल्हापूरची अक्षता बघायची. तिनं कंपनीला कळवलं. उत्तर आलं, वीज हा तुमचा प्रश्न. त्या उत्तराचा मला अजून राग येतो.

मग देशोदेशीची अशीच वैतागलेली मंडळी मेलवर जमली. त्यांनी आईचा कोड घेतला आणि वेगळी चूल मांडली. तोच मी. नाव अक्षताच्या आईनं, मीनाबाईंनी सुचवलं. "शेजारणीकडनं चमचाभर आणून लावतो, तसंच की हे."

अक्षतानं माझी तालीमच घेतली. मी लिहीत असताना मुद्दाम मेन स्विच बंद करायची. मी कोसळायचो, ती कोड सुधारायची आणि पुन्हा बंद करायची. म्हणायची, पडायला शिकल्याबिगर कुस्ती येत न्हाय. मीही हट्टाला पेटलो.

संस्थेचे सचिव अण्णासो मात्र कंटाळले होते. आणखी एकदा गोंधळ झाला तर संगणक बंद, परत वह्या, असं त्यांनी बजावलं. दूध घालायला येणाऱ्या बायकांचाही विश्वास उडालेला. शालूबाईंचं दूध पूर्वी एकदा नोंदीतून गायब झालं होतं, तेव्हापासून पावती हातात पडल्याशिवाय त्या कॅनमध्ये थेंब ओतत नसत. बाकीच्यांनीही तीच रीत धरली होती.

माझी पहिलीच संध्याकाळ. शालूबाईंची बादली काट्यावर आणि वीज गेली. परत आली तेव्हा आधीच्या सगळ्यांच्या नोंदी जागच्या जागी होत्या. शालूबाईंची तेवढी नव्हती. अण्णासोंचा चेहरा पडला.

"माझी कुठं हाय?" शालूबाईंनी विचारलं.

"अर्धी राहिली की टाकून देतो त्यो, मावशी," अक्षता म्हणाली. "पुरी झाली तरच ठेवतो. परत वजन करा."

शालूबाईंनी पडद्याकडे बघितलं. "म्हंजे खोटं लिवत न्हाय."

पुन्हा वजन झालं. पावती छापली जात होती, तेवढ्यात त्यांनी बादली उचलून कॅनमध्ये रिकामी केली. मला त्या दिवशी धन्य वाटलं.

आता मी जयसिंगपूरपर्यंत पोचलोय. उद्या मलाही कुणी विकत घेऊन कुलपात घातलं, तर माझ्यासाठी रडत बसू नका. चमचाभर विरजण कुणाच्या ना कुणाच्या घरी असेलच. तेवढं पुरतं.