दोन बैठकांची बांबूची गाडी

मित्रांनो, मी एक जुनी बाबागाडी आहे. बांबूची आहे आणि दमलेली आहे. दमल्याचं आधीच सांगून ठेवते, म्हणजे मध्येच कुरकुर ऐकू आली तर गोष्टीत काही रहस्य आहे असं समजून तुम्ही कान टवकारायचे नाहीत. तो माझा मागचा आस आहे. त्याला तेल नाही.

माझा मुक्काम चीनमधल्या क्वांगचौ शहरात, नदीतल्या बेटावर, लाउ काकूंच्या धुलाईच्या दुकानात. मागच्या भिंतीपाशी.

माझा जन्म डोंगराकडच्या एका गावात झाला. एका म्हाताऱ्या बुरुडाने हिरवा बांबू विस्तवावर धरून मला वाकवलं. विस्तवावर वाकणं सुखाचं नसतं, पण तरुणपणी माणसंही कशाकशावर वाकतात, मी तर बांबूच. त्या बुरुडाने मला एक नाही, दोन बैठका दिल्या. समोरासमोर, आणि मध्ये एक आडवी फळी. समोरासमोर का, तर तेव्हा घराघरात पोरं भरपूर असायची, आणि समोर भावंड दिसलं की पोर रडायचं सोडून भांडायला लागतं. भांडणारी पोरं आईला चालतात. ती निदान एकमेकांत गुंतलेली असतात.

माझ्यात पहिल्यांदा बसल्या त्या खुद्द लाउ काकू. समोर त्यांचा धाकटा भाऊ. काकूंनी दात येताना माझी फळी चावली, तिच्यावर ते दात अजून उमटलेले आहेत. हल्ली त्याच काकू गिऱ्हाइकांना डागांबद्दल व्याख्यानं देतात. मी मागे उभी राहून ऐकते आणि फळी झाकून घेते.

त्या काळी माझं फार कौतुक व्हायचं. शेजारपाजारच्या बाया मला मागून न्यायच्या. नंतर देशात नियम आला, एका घरात एकच मूल. मित्रांनो, एका दिवसात माझी अर्धी नोकरी गेली. काकूंना मुलगा झाला, तो एका बैठकीवर बसला आणि समोरच्या बैठकीवर कोबी बसू लागला. कोबी प्रवासी म्हणून उत्तम. रडत नाही, मागत नाही. पण त्याच्याशी भांडता येत नाही. काकूंचा मुलगा पुढे फार अबोल निघाला. मी कोबीला दोष देत नाही. नुसतं सांगते.

मग बेटावर परदेशी माणसं यायला लागली. त्यांच्या देशाची कचेरी इथे होती. येताना रिकाम्या कडेने यायची, आणि इथल्या बालगृहातलं एखादं मूल दत्तक म्हणून कडेवर घेऊन, त्याचे कागद होईपर्यंत आमच्या समोरच्या हॉटेलात राहायची. काकूंनी ताबडतोब घडीच्या नव्या बाबागाड्या आणल्या आणि दारावर पाटी लावली, ‘गाडी वापरा, फुकट.’ लोक काकूंना दानशूर म्हणाले. फुकट गाडी नेलेला माणूस ती परत करायला येतो आणि येताना मळके कपडे आणतो, हे काकूंना ठाऊक होतं. नवं मूल मिळालेल्या घरात मळक्या कपड्यांना तोटा नसतो.

माझी रवानगी मागे झाली. एका बैठकीवर साबणाचे डबे, दुसरीवर कोळी. वर्षं गेली.

आणि मग ते कुटुंब आलं.

आई लॉरेल, बाप ड्वाइट, आणि त्यांची स्वतःची दोन पोरं, सहा वर्षांचा एमेट आणि चार वर्षांची टिली. नव्या बहिणीला आणायला सगळे मिळून जाऊ, मजा येईल, अशी कल्पना घरी बसून कोणाला तरी सुचली होती. ती कोणाची, यावर नवराबायकोने आता बोलणं टाकलं होतं. चौघांचीही झोप अजून समुद्राच्या पलीकडेच राहिली होती. बापाने शर्ट उलटा घातला होता. आईच्या खांद्याला मोठी पिशवी, पिशवीत ओल्या जंतुनाशक रुमालांचे गठ्ठे, आणि कडेवर पेइपेइ.

पेइपेइ दोन वर्षांची. बालगृहातून परवा हातात आलेली. ती रडत नव्हती आता. तोंड घट्ट मिटून समोर बघत होती. परवापासून तिने घासभरही खाल्लं नव्हतं. दूध नाही, केळं नाही, काही नाही. चमचा जवळ आला की ती थांबायची, त्याच्याकडे बघायची आणि तोंड मिटायची. पाण्याचे काय ते चार थेंब जायचे.

त्यांची दुभाषी सुकयी काकूंना सांगत होती, “सकाळी डॉक्टरकडे नेलं. म्हणाले, संध्याकाळपर्यंत पोटात काही गेलं नाही तर दवाखान्यात ठेवायचं आणि सलाईन लावायचं.”

“इतक्याशा हातात सुई?” काकू म्हणाल्या. “आणि यांना हवंय काय माझ्याकडून?”

“अजून एक गाडी. दिलेल्या गाडीत पेइपेइ बसली की किंचाळते. म्हणून त्यात टिली बसली. आता ती उठत नाही.”

टिली खरोखरच घडीच्या गाडीत पसरली होती, बूट वर करून. “मी आजारी आहे,” तिने जाहीर केलं. “मला पण कडेवर घ्या. नाहीतर हिला परत देऊन या आणि त्या बदल्यात कुत्र्याचं पिल्लू आणा.”

“टिली!” बाप म्हणाला.

“आई,” एमेट म्हणाला, “मी जेवलो तर चालेल का? की आपण सगळेच उपास करतोय?”

तेवढ्यात दारातून चान आजी आत आल्या. चान आजी म्हणजे वडाखाली सकाळी पंखे घेऊन नाचणाऱ्या बायकांच्या पुढारी. बेटावरच्या प्रत्येक परदेशी पोराच्या पायांकडे लक्ष ठेवणं ही जबाबदारी त्यांच्यावर कोणी टाकली नव्हती, पण त्या ती निभावत होत्या.

“अगं बाई! पाय उघडे! पोरीचे मोजे कुठायत? गार वारं पोटात जाईल तिच्या!”

“काय म्हणतात त्या?” लॉरेलने विचारलं.

सुकयी म्हणाली, “मुलगी फार गोड आहे म्हणतात.”

“आभारी आहे हं, आजी,” लॉरेल म्हणाली.

“आभार कसले मानते? मोजे घाल म्हणते मी!”

“तुमचं इथे स्वागत आहे म्हणतात,” सुकयी म्हणाली. ती दिवसभर हेच करत होती. तीही दमली होती.

गाड्या सगळ्या गेलेल्या. त्या दिवशी हॉटेलात बस भरून माणसं उतरली होती. काकूंनी चहूकडे पाहिलं आणि त्यांची नजर माझ्यावर पडली.

“ही? छे, ही साबण ठेवायला आहे.”

“दे की गं,” चान आजी म्हणाल्या. “मोडली तर मोडली. तुझ्या बुडाखाली टिकली, ही पोरगी किती जड असणार?”

डबे उतरले. कोळी उठून गेला. लॉरेलने पिशवीतले ओले रुमाल काढले आणि मला पुसायला घेतलं. चाकं पुसली, दांडी पुसली, फळीवरचे काकूंचे दात पुसले. एवढं पुसूनही तिला मी पसंत नव्हते, हे मला कळत होतं. मित्रांनो, बांबूलाही मन असतं. पोकळ असलं म्हणून काय झालं?

पेइपेइला माझ्यात ठेवलं. ती किंचाळली नाही. तिने समोरच्या रिकाम्या बैठकीकडे पाहिलं. नुसती बघत राहिली, जणू कोणीतरी उशिरा येणार आहे.

“ती हिच्यात बसणार तर मी पण हिच्यात,” टिली म्हणाली. घडीची गाडी क्षणात बेकार ठरली. ती बुटांसकट माझ्यावर चढली आणि पेइपेइसमोर हाताची घडी घालून बसली, जोरात. माझा आस ओरडला. कित्येक वर्षांनी माझ्या दोन्ही बैठका भरल्या होत्या. दुखत होतं, पण त्या दुखण्याची मला ओळख होती.

दोघी एकमेकींकडे बघत होत्या. टिलीने जीभ काढली. पेइपेइने ती नीट पाहून घेतली.

चान आजी बाहेर जाऊन वाडगाभर तांदळाची पेज घेऊन आल्या, कोपऱ्यावरच्या टपरीतली, गरम. तो वाडगा माझ्या फळीवर आला. लॉरेल माझ्याशेजारी जमिनीवर बसली. खाली बसली म्हणण्यापेक्षा तिचे पाय संपले. तिने चमचा भरला, फुंकला, पेइपेइच्या ओठांशी नेला. ओठ मिटले.

“बाळा, एकच. एकच घास.”

ओठ मिटलेलेच.

लॉरेल नवऱ्याकडे न बघता हळूच म्हणाली, “तिला आपण नकोच आहोत, ड्वाइट. तिने ठरवलंय.”

ड्वाइटने तिच्या पाठीवर हात ठेवला. हातात एमेटचं जाकीट होतं, तेही ठेवलं गेलं.

“मला दे,” टिली म्हणाली. “तिला नको तर मला दे. भूक लागलीय.”

लॉरेलचा हात आपोआप फिरला. आया दमल्या की समोर दिसेल त्या उघड्या तोंडात घास घालतात. टिलीने पेज खाल्ली आणि तोंड वाकडं केलं. “मिळमिळीत आहे.”

“आई,” एमेट म्हणाला.

“थांब रे जरा.”

“आई, तिचं तोंड उघडलंय.”

खरंच उघडलं होतं. पेइपेइ माझ्या बैठकीवर ताठ बसली होती, मान पुढे काढून, तोंड उघडून, एखादं पाखरू असावं तशी. लॉरेलने चमचा भरला तेव्हा अर्धी पेज माझ्यावर सांडली. उरलेली पेइपेइच्या तोंडात गेली. गिळलेलं सगळ्यांना ऐकू आलं.

लॉरेलने लगेच दुसरा चमचा नेला. तोंड बंद.

“पुन्हा बंद झालं!” ड्वाइट म्हणाला.

पेइपेइने आईकडे पाहिलंच नाही. ती टिलीकडे बघत होती. वाट बघत होती.

सुकयीने कपाळाला हात लावला. “अहो, तिचा नंबर नव्हता! मी गेलेय त्या बालगृहात. बाई एक, वाडगा एक, चमचा एक आणि समोर ओळीने बसलेली पोरं. एक घास हिला, मग पुढचीला, मग तिच्या पुढच्याला. आपल्या आधीच्याने खाल्ल्याशिवाय तोंड उघडायचं नाही, एवढं त्यांना चालण्याआधी कळतं.”

म्हणजे मित्रांनो, ती पोर परवापासून आपला नंबर यायची वाट बघत होती आणि चार शहाणी माणसं तिला हट्टी समजत होती. तिला एकटीलाच खुर्चीत बसवून सगळे तिच्याभोवती उभे राहायचे. तिच्या आधी कोणी नाही, म्हणजे जेवण अजून सुरू झालेलं नाही. साधा हिशेब. त्या कचेरीच्या दारात मी पुढे रोज माणसं बघितली, कागद हातात घेऊन एकमेकांच्या डोक्यावरून पुढे घुसणारी. अख्ख्या बेटावर रांग पाळणारं माणूस त्या दिवशी एकच होतं, आणि ते माझ्यात बसलं होतं.

“टिली, खा,” बाप म्हणाला.

“मिळमिळीत आहे म्हटलं ना.”

“टिली, राणी, प्लीज.”

टिलीने परिस्थिती ओळखली. चार वर्षांच्या माणसाच्या हाती अशी सत्ता वारंवार येत नाही. “मी हिची मोठी बहीण आहे म्हणून खाते,” ती म्हणाली. “पिल्लाचं नंतर बोलू.”

एक घास टिलीला, एक पेइपेइला. एक हिला, एक तिला. वाडगा संपला, चान आजींनी दुसरा आणला. मग टिलीचं पोट भरलं. तिने खोटाच घास खाल्ला, पण पेइपेइ फसली नाही. बालगृहात असले प्रकार तिने पुष्कळ पाहिले असणार.

“मी खातो,” एमेट म्हणाला. त्याचा उपास सुटला. एमेटनंतर ड्वाइट वाकला आणि त्याने खाल्लं. मग लॉरेलने खाल्लं, रडत रडत, त्यामुळे पेजेला मीठ लागलं. मग चान आजी मध्ये घुसल्या, “व्हा बाजूला, मला कळतं कसं खायचं ते,” आणि त्यांनीही खाल्लं. चमचा तोच. लॉरेलचे जंतुनाशक रुमाल पिशवीत पडून होते, त्यांची कोणाला आठवण झाली नाही. प्रत्येकाच्या घासानंतर पेइपेइचं तोंड वेळेवर उघडत होतं आणि प्रत्येक घासागणिक ती रांगेतल्या नव्या माणसाचं तोंड नीट पाहून ठेवत होती.

संध्याकाळी सलाईन लागलं नाही. डॉक्टर म्हणाले, छान, रोज असंच जेवू द्या. कसं, ते त्यांना कोणी सांगितलं नाही.

पुढचे दिवस मी त्यांच्याकडेच होते. त्यांची घडीची गाडी दारात रिकामी उभी राहायची आणि मी बेटभर कुरकुरत फिरायचे. चौथ्या वळणावर माझं चाक अडायचं, ड्वाइट लाथ मारायचा, मी पुढे जायचे. आमचं जमलं होतं.

जायच्या दिवशी हॉटेलसमोर बस आली. लॉरेलने मला विकत मागितलं. काकू म्हणाल्या, विमानात ही कुठे मावणार, शिवाय तिच्यावर माझे दात आहेत. चान आजी बसच्या पायरीपर्यंत आल्या. पेइपेइच्या पायात मोजे होते, दोन जोड, एकावर एक. आजींनी ते चाचपून पाहिले, मग तिच्या गालाला हात लावला आणि कोणाकडे न बघता म्हणाल्या, “गोड आहे हो पोरगी.”

“काय म्हणतात?” लॉरेलने विचारलं.

सुकयी म्हणाली, “मोजे घाला म्हणतात.”

बसमध्ये सगळ्या खुर्च्या एकाच दिशेला तोंड करून असतात. पेइपेइला एका खुर्चीत बसवलं. समोर नुसती दुसऱ्या खुर्चीची पाठ. तिचं तोंड मिटायला लागलेलं मला खिडकीतून दिसलं. मग त्या पाठीवरून टिलीचं डोकं वर आलं. ती खुर्चीवर गुडघे टेकून उलटी बसली होती. तिने हातातलं बिस्कीट दाखवलं, एक तुकडा स्वतः खाल्ला आणि थांबली.

बस वळली. पुढचं मला दिसलं नाही. पण त्या पोरीचं तोंड उघडलं असणार.

मित्रांनो, तुमच्या घरात कधी नवं माणूस आलं तर त्याच्याभोवती उभे राहू नका. त्याच्यासमोर बसा, आधी आपला घास खा आणि थांबा. आणि तुमच्या मागच्या भिंतीपाशी माझ्यासारखं कोणी असेल तर त्याच्या आसाला थेंबभर तेल घाला. फार खर्च येत नाही.

बेट आता शांत आहे. कचेरी दुसरीकडे गेली, ती माणसं येत नाहीत, घडीच्या गाड्या भंगारात गेल्या. काकूंनी साबणाचे डबे पुन्हा माझ्यावर ठेवले आहेत. पण आता एका बैठकीवर रचून नाही. दोन इकडे, दोन तिकडे, समोरासमोर.