बाइंडरच्या दुकानाची पाहणी

बँकेत तिला सगळे किल्लीवाली म्हणत. कर्ज बुडालं, जागा बँकेच्या ताब्यात आली, की लिलाव होईपर्यंत ती जागा सांभाळायची हे तिचं काम. महिन्यातून एकदा जायचं, खिडक्या उघडायच्या, नळ सोडायचे आणि वहीत शेरा मारायचा: ‘रिकामी’. बंद जागेत बेसिनच्या पाइपातलं पाणी सुकतं आणि गटाराचा वास वर येतो. तो वास आला नाही तर काळजी करावी, हे तिला कुणी शिकवलं नव्हतं.

बाइंडरच्या दुकानात वास येत नव्हता. मागच्या दोन खेपांना तिला त्याचं बरंच वाटलं होतं. आज मात्र तिला उमगलं: इथला नळ कुणीतरी रोज वापरतंय. चार वाजता गिऱ्हाईक जागा बघायला येणार होतं आणि आता अडीच झाले होते. दोनदा ‘रिकामी’ लिहून खाली स्वतःची सही ठोकलेली!

तिने बेसिनमध्ये हात घातला. खळीचा ब्रश ओला होता.

“मॅडम, ओरडू नका.”

कागद कापायच्या यंत्रामागून बाइंडर उठला. साठीचा माणूस, इस्त्रीचा शर्ट, हातात जेवणाचा उघडा डबा.

“आत कसे आलात तुम्ही?”

“मागच्या दाराने. तुम्ही पुढचंच कुलूप बदललंत.”

बदललं होतं खरं. ताब्याच्या दिवशी भूक लागली होती म्हणून मागच्या दाराचं काम तिने उद्यावर टाकलं आणि तो उद्या काही उगवला नाही. आता नोकरीवर गदा येणार, या विचाराने ती दुकानभर येरझाऱ्या घालू लागली.

“काका, हे आता बँकेचं आहे. काय करता तरी काय इथे?”

“बसतो. जुन्या वह्या उसवतो, परत शिवतो.” तो ओशाळला. “घरी सांगितलेलं नाही. नऊला निघतो, सातला जातो. पहिली नोटीस आल्यापासून आज सांगू, उद्या सांगू करता करता आठ महिने झाले. बँकेची पत्रं दुकानाच्याच पत्त्यावर यायची, म्हणून निभावलं. मला पोलिसात द्या हवं तर, पण हिला कळू देऊ नका.”

तेवढ्यात फोन वाजला. साहेब होते. “पार्टी तीनलाच पोचतेय. जागा रिकामी आहे ना?”

“हो साहेब,” ती म्हणून गेली आणि स्वतःवरच चडफडली.

घुसखोरीची नोंद तरी करून ठेवावी, म्हणजे उद्या कुणी आपल्या गळ्यात घालणार नाही, म्हणून तिने फाइल काढली. पत्ता शोधता शोधता एका पानावर तिचं बोट थांबलं. जामीनदाराला दिलेल्या नोटिशीची पोच. तारीख आठ महिन्यांपूर्वीची, खाली सही आणि नातं: पत्नी.

गप्प बसावं असं तिला वाटलं. पण या माणसाची कीव येत होती आणि त्याहून जास्त रागही. तिने फाइल त्याच्यापुढे धरली.

“ही सही कुणाची?”

त्याने चष्मा पुसला, पुन्हा पाहिलं. “हिची. पण कर्जाच्या वेळी...”

“ही नंतरची आहे. जामीनदाराला नोटीस वेगळी जाते, काका. घरी जाऊन हातात देतात.”

त्याने डब्याचं झाकण लावलं. मग हळूच म्हणाला, “तरीच रोज विचारते, आज दुपारी घरी जेवायला येता का? मी म्हणतो, कामाचा डोंगर आहे. मग मुकाट्याने डबा भरते.”

रस्त्यावर गाडी थांबल्याचा आवाज आला. किल्लीवालीने त्याला दंडाला धरून मागच्या दाराकडे नेलं.

“घरी जा, काका.”

उंबऱ्यावर तो अडला. त्याच्या डोळ्यांत पाणी होतं.

“आज इतक्या लवकर कसे, असं तिने विचारलं तर काय सांगू?”

“नाही विचारणार ती,” किल्लीवाली म्हणाली.