राहीताईच्या धोंड्याचा पत्ता

आमच्या राहीताईनं नेपच्यूनच्या पलीकडं फिरणारा बर्फाचा धोंडा शोधला, ही बातमी पालीच्या बाजारात पोचली तेव्हा पहिला प्रश्न आला, "वितळला नाही ना?"

राहीताई माझी चुलत बहीण. परदेशातल्या दुर्बिणीनं काढलेले फोटो लॅपटॉपवर लावायचे आणि जागा बदलणारा ठिपका हुडकायचा, हा तिचा छंद. ठिपका मिळाला. आता ती सांगेल त्या जागी दुर्बिणीला तो पुन्हा दिसायला हवा. नाही दिसला, तर हरवला म्हणायचं आणि शोध रद्द.

"हरवायच्या आधीच देवाला गाऱ्हाणं घाला," काकी म्हणाली. हरवलेल्या रेड्याच्या बाबतीत आम्ही उशीर केला होता.

गाव देवळात जमला. गाऱ्हाण्याचा मान विठूकाकांचा. त्यांनी नारळ उचलला. "बा देवा म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" आम्ही ओरडलो.

काका थांबले. देवाला अर्धवट पत्ता द्यायचा नाही, हा त्यांचा नियम. मुंबईकरांचा ते खोली नंबरसुद्धा सांगतात.

"राही, कुठं असतो गो हा?"

"नेपच्यूनच्या पलीकडं, काका."

"गणपतीला येत नाही?"

"सूर्याभोवती एक फेरी तीनशे वर्षांची."

"म्हणजे आमचा मुंबईचा नितेश बरा, दोन-तीन वर्षांनी तरी येतो. आता चाललाय कुठल्या अंगाला? पुढं की मागं?"

"पुढं..." राहीताईनं बोटानं हवेत रेघ मारून पाहिली. "थांबा, थांबा! आपली पृथ्वी त्याला मागं टाकून पुढं जाणार. धावत्या एसटीतून पुढं जाणारी रिक्षासुद्धा मागं जाताना दिसते, तसा तो आता मागं सरकताना दिसेल. मी तर सरळ रेघ मारून पुढची जागा कळवलीय!"

ती देवळाच्या पायरीवरच लॅपटॉप उघडून बसली. गणित पुन्हा मांडलं, नवी जागा कळवली. तोवर काका नारळाचा हात खाली घेईनात. दोघांनी आळीपाळीनं कोपराला आधार दिला. मग देवाला पूर्ण पत्ता सांगण्यात आला.

आठवड्यानं मेल आला. धोंडा राहीताईनं सांगितल्या जागी होता.

"देवानंच शोधला," कोणीतरी हात जोडले.

"देव कशाला शोधेल?" विठूकाका खेकसले. "पत्ता आमच्या राहीनं दिला!"

शिमग्याला पालखीपुढचा पहिला नारळ राहीचा, असं त्यांनी तिथंच जाहीर केलं. मानकऱ्यांनी हरकत घेतली: हा मान गावच्या शिवेत पराक्रम करणाऱ्याचा, आणि धोंडा तर शिवेबाहेरचा. रीतसर सभा झाली. तीत गावची शीव धोंड्यापर्यंत वाढवण्यात आली.

शेजारच्या गावानं अजून हरकत घेतलेली नाही.