शेजारची जागा

उघड्यावरच्या लग्नात फ्लॅश लागतोच कशाला, असं म्हणून मी तो घरीच ठेवला. शहाणाच ना मी! पहिल्यांदाच लग्नाचे फोटो काढणार होतो, तेही सख्ख्या बहिणीच्या. म्हणून आदल्या दिवशी संध्याकाळी उजेड बघायला मावशीला लग्नाच्या बागेत नेलं आणि नवरीच्या जागी झाडाखाली उभं केलं. मावशीचं लग्न कधी झालंच नाही. "काय ही थेरं," म्हणाली, तरी तिने केस नीट केले.

लग्नाच्या दिवशी बहीण नटतच बसली. मी दारावर थापा मारून थकलो. ती बाहेर आली तेव्हा ऊन गेलं होतं, आणि माझ्या फोटोंचे बारा वाजले. चेहरे नाहीतच, नुसत्या सावल्या.

आज छापलेले फोटो बघून बहीण रडत उठून गेली. मावशी मात्र स्वतःचेच फोटो बघत बसली. सोनेरी उजेडात तिचा चेहरा नुसता खुलला होता.

"छान आलेत रे. पण मला असं कडेला का उभं केलंस?"

"शेजारी नवऱ्याची जागा सोडली होती," मी बोलून गेलो.

"बरोबर सोडलीस," ती म्हणाली आणि फोटो पालथा ठेवला.