दार लावून केलेली भाकरी

द्वारका चौकातल्या रिक्षाथांब्यावर वाल्मीकने सर्वांदेखत विचारले, "किशोरभाऊ, तुझा संघर्ष बालवाडीत भाकऱ्या थापतो म्हणे! आमची सायली सांगत होती. आता सून बघायची का जावई?"

सारे खदखदून हसले. किशोरही हसला, परंतु अंतःकरणात ते शब्द काट्यासारखे रुतले. अर्धा चहा तसाच टाकून त्याने रिक्षा थेट बालवाडीकडे वळवली. पोराला त्या भातुकलीतून उठवायचे, नाहीतर बालवाडीतूनच काढायचे, असा त्याने निश्चय केला होता.

"ताई, मुलाच्या हातात गाडी द्या, चेंडू द्या. चूल कशाला?" दारातच त्याचा आवाज चढला.

"इथं चूलही सगळ्यांची आणि गाडीही सगळ्यांची, दादा," रोहिणीताई शांतपणे म्हणाल्या. "जरा खिडकीतून बघा. मग न्यायचं तर खुशाल न्या."

आत सायली खुर्च्या एकामागे एक मांडून, "शालिमार, शालिमार! एक सीट!" असे ओरडत रिक्षा हाकीत होती. भूक लागताच रिक्षा सोडून ती कोपऱ्यातल्या चुलीपाशी आली.

"संघर्ष, भाकर दे रे."

संघर्षने आधी एक मोठा पुठ्ठा ओढून दोघांच्या मध्ये उभा केला. मग मातीचा गोळा थापला, खोट्या तव्यावर टाकला, वरून पाण्याचा हात फिरवला आणि जणू चटका बसला म्हणून बोटे कानाच्या पाळीला लावली.

किशोर थिजला. ती लकब त्याची स्वतःची होती. त्याची बायको पायल पहाटेच कारखान्यात पहिल्या शिफ्टला जाऊ लागली; तेव्हापासून घरच्या भाकऱ्या तोच करी, मात्र कॉलनीत कुणाला सुगावा लागू नये म्हणून आधी कडी लावी.

"दार का लावलंस? मी बाहेरच राहिले ना!" सायली कुरकुरली.

"भाकरी करताना लावायचं असतं. बाबा लावतात."

"का?"

संघर्ष विचारात पडला. "माहीत नाही," तो हळूच म्हणाला. "पण भाकरी चांगली असते."

किशोर खिडकीपासून वळला. तो आत गेला, लेकापुढे मांडी घालून बसला आणि त्याने तो पुठ्ठा बाजूला सारला.

"शेठ, एक मलाही वाढा."

"बाबा, तुम्ही रांगेत या. आधी सायली," संघर्ष म्हणाला.

दुसऱ्या दिवशी सकाळी किशोर परात घेऊन बसला. सवयीप्रमाणे संघर्ष कडी लावायला धावला.

"राहू दे. उघडंच बरं आहे."

थोड्याच वेळात शेजारच्या अक्काबाई दारात थबकल्या. "अगं बाई! तू करतोस होय रे? आम्हाला वाटायचं, पायलच थापून जाते."

किशोरचे कान लाल झाले. "मीच करतो, अक्का. रोज."

अक्काबाईंनी वाकून तव्याकडे पाहिले. "मग जरा फिरव की तिला. कड कच्ची राहतेय."

किशोरने भाकरी फिरवली. संघर्षने आपली चिमुकली बोटे आधीच कानाच्या पाळीला लावून ठेवली होती.